रोवणीच्या फितीवरचं नाव

फितीची डबी मामांच्या हातात दिली, की ती उघडायच्या आधीच ते विचारत, "कोण गाते गा?" सगळे त्यांना मामाच म्हणत; आमच्या संस्थेतल्या लोकगीतांच्या फिती ते सांभाळत. खेडोपाडी जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करणारे आम्ही प्राध्यापक त्यांना जाम घाबरायचो.

गाण्याची चाल, छंद, प्रकार आम्ही कार्डावर झोकात लिहायचो. गाणाऱ्या बाईचं नाव विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मामा दर शनिवारी आमची शाळा घेत. एकाचं कार्ड दुसऱ्याला देऊन त्यावरून फीत शोधायला लावत. नाहीच सापडली, की चहा पाजून पुन्हा लिहायला बसवत. अंदाजानं लिहिलेलं त्यांना बिलकुल चालत नसे. "माहीत नाही, तं माहीत नाही लिवा," म्हणायचे.

एका उन्हाळ्यात पारशिवनीकडची शेवंताबाई आली. नवरा इथं शहरात, धंतोलीतल्या दवाखान्यात होता. तिची आई नुकतीच वारली होती. पूर्वी आमच्यातल्या एका सरांनी तिच्या गावात भाताची रोपं लावताना म्हणायची रोवणीची गाणी घेतली, तेव्हा आईही गायली होती. घरात आईचा एक फोटोसुद्धा नव्हता. शेवंताबाईला तिचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

कार्डावर होतं, रोवणीगीत, समूहस्वर. मामांनी फीत लावली. सगळ्या बायका एकदमच गात होत्या. शेवंताबाई रोज दुपारी यायला लागली. मामांनी तिला सरांच्या खुर्चीत बसवलं, काय काय सांगायचं ते समजावलं, आणि ती एकेक आवाज ओळखत गेली. ही जनाकाकू, ही पाटलाची सून. मामा लिहून घेत. आई काही सापडेना.

नवऱ्याला दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी ती म्हणाली, "माह्या मायचं नाव लिवा न भाऊ, सखुबाई. ती याच्यातच हाय."

मामांनी कार्ड पुढ्यात ओढलं. "हाय बाई," ते म्हणाले, "पण आवाज कोणता, ते आपल्याले नाही समजलं." मग त्यांनी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: सखुबाई. गात होती. आवाज ओळखता आला नाही. ती मान हलवून निघून गेली.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. शनिवारची शाळा आता मी घेतो. नवे प्राध्यापक ते कार्ड पाहतात आणि म्हणतात, सर, ही नोंद अर्धवट आहे. मी हो म्हणतो. ती पुरी करू शकल्या असत्या अशा, त्या फितीत गायलेल्या बायका एकेक करून गेल्या, एवढं मात्र मला त्यांना अजून धड सांगता येत नाही.