हेडविगची लाद

हेडविग पेट्रीला आमच्या गावात पेट्री म्हणून कुणी ओळखत नसे. ती खिळेवाल्यांची हेडविग. तिच्या घरात शंभर वर्षांत कुणी खिळा घडवला नव्हता, पण जर्मनीतल्या आमच्या हुन्सरुकच्या डोंगरावर घराचं नाव आडनावापेक्षा चिवट असतं. मी उत्तरेकडून इथल्या शाळेवर आलो, इथेच निवृत्त झालो. तिच्या लेखी अखेरपर्यंत ‘नवा मास्तर’च राहिलो.

पूर्वी इथून ब्राझीलला गेलेल्यांच्या वंशातलं कुणी खापरपणजोबांचं घर शोधत आलं, की सरपंच त्याला हेडविगकडे धाडत. पाहुण्याला फक्त आडनाव ठाऊक असे, घरं हिला. किसलेल्या बटाट्याची धिरडी आणि सफरचंदाचा गर पुढे ठेवून ती म्हणे, “आधी खा. दोनशे वर्षं उशीर केलात, आणखी घटकाभरानं काय बिघडतंय?”

गेल्या सप्टेंबरात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि शाळेत शिकलेली प्रमाण जर्मन पार पुसली गेली. उरली ती गावची बोली, तीही तुटक. मुलीने, गुडरूनने, तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं. गुडरून माइन्त्सला राहते. पोर शाळेत मागे पडेल या भीतीने हेडविग तिच्याशी कधी बोलीत बोललीच नव्हती.

आश्रमात हेडविग सारखी एकच म्हणे, “लाद. दारासमोर. लाद.”

लाद म्हणजे टेबलाचा किंवा कपाटाचा खण, एवढंच आम्हाला ठाऊक. परिचारिका खण उघडून विचारी, “यातलं काय देऊ, पेट्रीबाई? चष्मा?” हेडविग नकारार्थी मान हलवी. एकदा तर त्या भल्या बाईने अख्खा खण ओढून काढला आणि खोलीच्या दारासमोर नेऊन ठेवला. हेडविगने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती जेवेनाशी झाली.

मलाही उलगडा होईना. गुडरून म्हणाली, “घरातल्याच कुठल्या तरी खणात तिचं काही असेल. विकण्याआधी सगळे बघते.” घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, नाताळनंतर कागद व्हायचे होते.

नोव्हेंबरात इलोनी आली. दक्षिण ब्राझीलची, हेडविगच्याच वयाची. तिचे पूर्वज खिळेवाल्यांच्याच घरातून जहाजावर चढले होते, आणि घरात ती अजून आमचीच बोली बोलते. तिला घेऊन मी आणि गुडरून आश्रमात गेलो.

“काय गं खिळेवाले, लोळत पडलीस? बटाटे काय मी काढू?” पलंगावर बसत इलोनी म्हणाली.

हेडविग तोंडाच्या एकाच बाजूने हसली. मग तिने इलोनीची बाही घट्ट धरली. “लाद. दारासमोर.”

इलोनीचं हसू गेलं. “आपल्या घराच्या दारासमोर?”

“आपल्या.”

“तुझी लाद?”

हेडविगने डोळे मिटले, आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं.

“कुठला खण म्हणतेय ती?” गुडरूनने विचारलं.

“खण नव्हे गं पोरी. शवपेटी. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून लादच म्हणतात. तिला घरी मरायचंय. पेटी घराच्या दारासमोर ठेवायची, तिथून शेजाऱ्यांनी उचलायची.”

जुनी रीत होती ती. स्मशानाशी शवगृह बांधलं, तेव्हापासून आमच्या गावातली माणसं तिथूनच जातात. शब्दही रीतीबरोबरच गेला असावा.

गुडरून बराच वेळ आईच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली. “आई, दोन महिने तू हेच सांगत होतीस?” ती बाहेर गेली, आणि गिऱ्हाइकाला फोनवर घर विकायचं नाही म्हणून सांगताना तिचा आवाज आत ऐकू येत होता.

घरी आल्यावर हेडविग जेवू लागली. ब्राझीलला परतण्यापूर्वी इलोनीने शेजाऱ्यांची नावं घेत तिला विचारलं, “खांद्याला बेकरवाल्यांचा ओट्टो चालेल?”

“नको. पाडेल.”

मार्चमध्ये हेडविग गेली. लाद दोन खुर्च्यांवर दारासमोर ठेवली. खांद्याला सहा माणसं लागतात, आणि गावात तरणी उरलीत किती? ओट्टोलाच बोलवावं लागलं. त्याने मात्र खांदा शेवटपर्यंत हलू दिला नाही.

संध्याकाळी मी इलोनीला ब्राझीलला फोन केला. ती आधी रडली. मग दरडावून म्हणाली, “मास्तर, उंबऱ्यावरून पाय पुढे करूनच नेलंत ना?”

“हो.”

“आणि दार? पेटीमागोमाग लावायचं असतं, नाहीतर मरण पुन्हा आत येतं.”

“गुडरूनने ओढून घेतलं. स्वतः.”