आईच्या ताटातला लुकलुकणारा उजेड

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत झालं. उन्हाळा लागला आणि एका संध्याकाळी तिने जाहीर केलं, "हॉलमधला दिवा लुकलुकते." आई यवतमाळकडची. वडील गेल्यावर ती आमच्याकडे हडपसरला आली, पण बोली तिकडचीच ठेवली आणि गावाहून येणारा गहू स्वतः निवडायचा हा हट्टही.

मी सोफ्यावरून मान वर करून पाहिलं. फॉल्स सीलिंगमधला दिवा ठणठणीत होता. तरी आईच्या समाधानासाठी दिवा बदलला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. मग बटण बदललं. तक्रार कायम. बायको सदाशिव पेठेत वाढलेली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "झाले का दिवे लावून? आता माणूस बोलाव."

इलेक्ट्रिशियन आला. वर चढायचं म्हणून त्याने आधी पंखा बंद केला, वायरी ओढून पाहिल्या, स्क्रू आवळले. खाली बसलेल्या आईला विचारलं, "आजी, आता?"

"आता नाई लुकलुकत," आई म्हणाली.

तो गेला, आम्ही पंखा लावला, चहा घेतला, आणि आईने गव्हाचं ताट पुढ्यात ओढताच पुन्हा तेच.  या वेळी मात्र ती ताट बाजूला सारून भिंतीला टेकून बसली. मला ते तक्रारीपेक्षा जड गेलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. रात्री जेवताना तिने सांगून टाकलं, "मले दुसरा डोळा नाई करायचा. दिव्यात काई नाई, माह्या डोळ्यातच खोट राह्यली. आहे तेवढं पुरे. मले गावी सोडून दे." डॉक्टरांनी डोळा तपासून उत्तम असल्याचं सांगितलं होतं, पण आईपुढे डॉक्टरांचं काय चालतं! मी समजावलं, चिडलो, पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर मलाही शंका आली, खरंच काही बिघडलं असेल तर?

रविवारी संध्याकाळी तिने गव्हाचं ताट माझ्याकडे सरकवलं. "तूच निवड. मले खडा दिसत नाई." ताट घेऊन मी सोफ्याकडे निघालो तर म्हणाली, "खाली बस. सोफ्यावर गहू सांडशील." बसलो तिच्याच जागेवर, मांडी घालून. कित्येक वर्षांत या घराच्या फरशीवर मी बसलो नव्हतो.

ताटातला उजेड थरथरत होता. गहू उजळत होते, काळवंडत होते, पुन्हा उजळत होते. मी वर पाहिलं. दिवा बरोबर पंख्याच्या पात्यांच्या वर होता, आणि फिरणारं प्रत्येक पातं त्याचा उजेड कापत होतं. सोफा बाजूला, म्हणून तिथून काही कळत नव्हतं. थंडीत पंखा बंद होता. आणि दिवा तपासायची वेळ आली, की आम्ही शहाणे आधी पंखाच बंद करत होतो!

"आई, लुकलुकतंय!" मी ओरडलोच.

"तुलेबी दिसते?"

मी उठून पंखा बंद केला. उजेड स्थिर. लावला. पुन्हा थरथर. बायको हात पुसत बाहेर आली, आमच्याशेजारी फरशीवर बसली, वर बघितलं, ताटात बघितलं आणि म्हणाली, "आई, तुमचा डोळा आमच्या तिघांच्या मानाने बराच बरा आहे. इलेक्ट्रिशियन धरून."

आई हसली, मग पदराने डोळे पुसले. किती दिवस ती मनातल्या मनात घाबरलेली होती, ते मला तेव्हा कळलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला फार बरं वाटत होतं. तिने ताट माझ्याकडून काढून घेतलं, मान वाकवून दाण्यांतून बोट फिरवलं आणि एक बारीक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"पाह्य," ती म्हणाली. "आता दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक."