तव्यावरची पहिली भाकरी

परवा सोलापुरात एक संप झाला. मिलमध्ये नव्हे, आमच्या चुलीपुढे... आणि तो मी केला!

आता कुणी म्हणेल, नुकती कुठं माणसं प्लेगातून सावरून घरी आलीत आणि हिला हे काय सुचतंय. पण आधी ऐका तर खरं. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

थंडीत आमच्या गल्लीत उंदीर मरून पडले. पलीकडच्या घरातली सून, माझ्याच वयाची, बघता बघता गेली. त्या प्लेगाबद्दल चांगला शब्द काढायला माझी जीभ रेटत नाही... पण खरं ते सांगायलाच हवं.

खोलीला कुलूप घालून आम्ही शहराबाहेरच्या माळावर बांबूच्या तट्ट्याची झोपडी उभी केली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजी, आमचे हे आणि मी. चौघांनी पाय पसरले की झोपडी संपली!

चूल बाहेर, उघड्यावर. आणि माळावरचा वारा असा की भाकरी करून टोपलीत ठेवावी तर वर मातीचा थर. पहिल्याच दिवशी मामंजींच्या दाताखाली खडा आला. तेव्हा आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, "ठिऊ नगंस बाई. निगंल तशी वाढ, समदीच बसू की."

झालं. सगळे चुलीभोवती बसले आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदा मी तव्यावरून उतरलेली, फुगलेली भाकरी खाल्ली. वर शेंगाची चटणी आणि तेलाची धार... काय सांगू! लहानपणी माहेरी जेऊरला आईच्या चुलीपाशी खाल्ली होती, तेवढीच. इतकी वर्षं या घराला भाकऱ्या मी थापून घालतेय आणि त्यांची चव मीच विसरले होते.

रीत तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याकडेही तीच असणार. आधी पुरुषांनी जेवायचं, मग उरलंसुरलं गार झालेलं बायकांनी. आत्याबाईंचे दात पडलेत. त्या वातड भाकरी पाण्यात भिजवून कशीबशी गिळतात आणि मग पोट धरून ओव्याचं पाणी पितात. माळावर मात्र रोज मऊ भाकरी पोटात जायची. तिथं ओव्याची पुरचुंडी कुणी सोडलीसुद्धा नाही.

उंदीर पडायचे थांबले. घरं धुऊन, चुना लावून आम्ही परत आलो. पहिल्या संध्याकाळी माळावरच्या सवयीनं मी पहिली भाकरी आत्याबाईंच्या ताटात टाकली.

तर त्याच कडाडल्या! "हितं काय माळ हाय व्हय? आदी त्यास्नी वाढ." आणि ती भाकरी स्वतःच्या हातानं उचलून त्यांनी मामंजींना वाढली. मी यांच्याकडे पाहिलं, म्हटलं हे तरी काही बोलतील. हे म्हणाले, "चटणी दे."

पुन्हा ती गार भाकरी, पुन्हा ते ओव्याचं पाणी. म्हणजे जीव वाचवायला माळावर गेलो तेव्हा जे चाललं, ते जीव वाचल्यावर चालेना! मी आतल्या आत धुमसत राहिले.

परवा हे मिलमधून आले ते जॉबरवर, म्हणजे तिथल्या मुकादमावर, भडकूनच. पाटावर बसले आणि मामंजींना मोठमोठ्यानं सांगू लागले, "जेवायला धड वेळ देत नाहीत. गार भाकरी गिळायची आणि पळायचं. आम्ही काय जनावरं आहोत? संपच करायला पाहिजे!"

गार भाकरी... आणि हे कुणासमोर बोलताय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी शिंपडलं.

"मग करा की संप," मी म्हटलं. "मीही केलाय. आत्याबाई तुमच्याबरोबर जेवायला बसल्याशिवाय हा तवा तापणार नाही."

हे बघतच राहिले. मामंजी भिंतीकडे पाहू लागले. आत्याबाई मात्र ताडकन उठल्या. "लई शानी झालीस! सर तिकडं, म्या करते." त्यांनी कोरडी लाकडं घातली, फुंकणी घेतली आणि जाळ केला.

मी बाजूला झाले. म्हटलं, मोडला संप. मिलमध्येही असंच होतं म्हणतात, आपल्यातलंच कुणीतरी जाऊन कामावर उभं राहतं.

आत्याबाईंनी भाकरी थापली. टम्म फुगली. उलथन्यावर घेऊन त्या पाटांकडे वळल्या... आणि थांबल्या. त्या वाफेकडे बघत राहिल्या. मग तिथंच चुलीपाशी बसल्या, भाकरी मोडली आणि खायला लागल्या. कुणाकडे न बघता.

हे म्हणाले, "आई...?"

तोंडातला घास गिळून आत्याबाई म्हणाल्या, "तुजी बी हुईल की. जरा दम धर."

मला रडू आलं आणि हसूही. मामंजींनी आपला पाट चुलीजवळ सरकवला. पुढच्या भाकऱ्या मी थापल्या, आणि मधेमधे माझाही घास चालू होता.

तेव्हापासून आम्ही चौघं एकत्र जेवतो. आत्याबाईंचं पोट दुखत नाही, त्याचा आनंद मोठा आहे. पण खरं सांगू, राग गेलेला नाही. साध्या गरम भाकरीसाठी एवढा प्लेग यावा लागला?

आणि पलीकडची ती सून... ती माळापर्यंत पोचलीच नाही. तव्यावरची भाकरी तिनं सासरी एकदा तरी खाल्ली होती का, हे आता मी कुणाला विचारू?