उरलेल्या आठ गोळ्या

आमच्या घरात औषध कधी थांबवायचं ते मेंढी ठरवायची. थट्टा नाही. आजारी पडलेली मेंढी आधी रवंथ सोडते आणि मान खाली घालून कळपाच्या कडेला उभी राहते. जनावरांच्या दवाखान्यातून आणलेलं औषध माझे वडील, आबा, तिला पाजायचे, सुईसुद्धा स्वतःच टोचायचे आणि रोज सकाळी तिच्यासमोर उकिडवे बसून तिच्या जबड्याकडे बघत राहायचे. जबडा हलायला लागला, रवंथ सुरू झाला, की औषध बंद. उरलेली बाटली बूच लावून वळचणीला. कळपात आज एक आजारी पडली की उद्या दुसरी पडणारच, तिला नको का? बऱ्या झालेल्या मेंढीला अजून दोन दिवस औषध पाजा, असं कुणी आबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मीही काढलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता. आमचं गाव पुसेगावच्या बाजूला, आणि मी हिंगोलीला डी.एड. करत होते. घरात शिकलेली मी एकटीच, आणि त्याचा मला माज होता. दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आले तरी हगवणीपासून गालफुगीपर्यंत सगळ्या गल्लीला उपाय सांगत फिरायची. लोक ऐकायचेही. आबा तर फारच ऐकायचे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आबांची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली. वर्षभर ती किडलेलीच होती आणि आबा त्या खड्ड्यात तंबाखू दाबून वेळ मारून नेत होते. आता गाल सुजला, घास आत जाईना, आबा मान खाली घालून ओसरीवर बसले. मी आणि माय त्यांना हिंगोलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि माझ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द सांगितला.

"दाढेच्या मुळाशी पू झालाय. गोळ्यांनी सूज उतरेल, पण मूळ तसंच राहील. पाच दिवस, दिवसातून तीन वेळा. एकही चुकवायची नाही. पाच दिवसांनी या, दाढ काढावीच लागेल."

पंधरा लाल-काळ्या कॅप्सूल. मी चिठ्ठीवर मराठीत नीट लिहून घेतलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पहिले दोन दिवस मी स्वतः तांब्या घेऊन आबांसमोर उभी राहत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी ज्वारीची भाकरी मोडली आणि ठेच्याबरोबर चावून खाल्ली. गाल जवळजवळ उतरला होता. हात धुऊन त्यांनी गोळ्यांची पुडी पुढ्यात घेतली.

"बाई, आजून आठ हायत. खाऊ का बंद करू?"

त्यांनी विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं भावकीत सगळे म्हणत राहिले की म्हातारा हट्टी होता, कुणाचं ऐकत नव्हता. आबा हट्टी नव्हते. मी 'खा' म्हटलं असतं तर त्यांनी आठच्या आठ खाल्ल्या असत्या.

"काहून खाता आता?" मी म्हणाले. "बराबर चावून राहिलात की. ऱ्हाऊ द्या, पुढं लागतील."

चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, "डागदरनं समद्या खाया सांगितल्या व्हत्या न्हाई का?"

"माय, तू गप बस. ते सगळ्यांलाच तसं सांगतेत."

आज ती वीस वर्षांची पोरगी समोर आली तर तिच्या तोंडात एक ठेवून देईन. पण तेव्हा मायनं मान खाली घातली आणि फुंकणी उचलली. आबांनी मात्र समाधानानं माझ्याकडे पाहिलं. लेक शिकली तरी मेंढरांतली रीत विसरली नाही, असं त्यांना वाटलं असणार. दाढ काढायचा विषय आपोआपच मागं पडला. दुखत नसलेली दाढ काढायला हिंगोलीला कोण जातं? त्यात दोन दिवसांनी कळप चराईला बाहेर पडणार होता. आबा निघताना मी आठ गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आबांच्या बंडीच्या खिशात घातल्या आणि वर सांगितलं, "ठणकलं की एक घ्या."

हिवाळाभर आबा आणि माझे चुलते मेंढरं घेऊन कळमनुरी, डोंगरकड्याकडून खाली सरकत राहिले. अधूनमधून निरोप यायचे. सगळं ठीक आहे, मेंढ्या ठीक आहेत. मी एकदा विचारायला सांगितलं, दाढ कशी आहे. निरोप आला, कधी कधी बोलते, मग एक गोळी घेतो की गप बसते. मला बरं वाटलं. आपली युक्ती लागू पडली, असं वाटलं.

हळदीच्या काढणीच्या दिवसांत एका सकाळी चुलते थेट माझ्या कॉलेजच्या फाटकात येऊन उभे राहिले. अंगावर घोंगडं, पायांत धूळ. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. दादाला बोलता येऊन नाही राहिलं."

बसमध्ये त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आठ दिवसांपूर्वी दाढ पुन्हा उठली. आबांनी एक गोळी घेतली, दोन दिवस बरं वाटलं. मग सूज आली, पुन्हा एक घेतली. शेवटची परवा संपली. कुरुंद्याजवळ एका बागायतदाराच्या शेतात मेंढ्या बसवायचा शब्द दिलेला होता, लेंडीखतासाठी. शब्द मोडून निघायला आबा तयार नव्हते. तिथं हळद शिजवायच्या कढया चालूच होत्या, म्हणून शेतातल्या बायकांनी गरम हळदीचा लेप दिला. चुलते विटेनं शेकत होते. शेकलं की सूज अजून खाली उतरायची, आणि खाली उतरते म्हणजे ओसरते, असं दोघांना वाटलं.

मी विचारलं, "खाली म्हणजे कुठं?"

चुलत्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. वसमतला उतरलो आणि तसेच कुरुंद्याकडे निघालो.

आबा पालासमोर ताठ बसले होते. आडवं होता येत नव्हतं, झोपलं की गुदमरायचं. हनुवटीखालचा सगळा भाग पिवळ्या लेपाखाली फुगून गळ्याला मिळाला होता. मी बोट लावून पाहिलं. सूज मऊ असते, दाबली तर दबते, हे मला माहीत होतं. ही दबली नाही, लाकडासारखी टणक होती. तोंड बोटभर उघडं, त्यातून वर आलेली जीभ दिसत होती, आणि लाळ गिळता येत नसल्यानं बंडीवर गळत होती. अंग तापलं होतं. मला बघून ते काहीतरी म्हणाले. तोंडात मोठा घास असल्यासारखा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मी भ्याले. इतकी भ्याले की रडूही आलं नाही.

त्या बागायतदारानं जीप दिली. भर उन्हात वसमत मागं टाकून आम्ही नांदेडच्या रस्त्याला लागलो. आबा मधल्या सीटवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होते. प्रत्येक श्वासाला घरघर होती. मी ती ऐकत बसले. घरघर थांबू नये, एवढंच मागत होते. कळप चुलत्यांबरोबर मागं राहिला होता. आबांनी एकदाही वळून पाहिलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना निजवलंच नाही. बसल्या बसल्या, जागेपणीच गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली. हनुवटीखाली चिरून पू काढला, ती दाढ काढली. संध्याकाळपर्यंत गावाहून माय आली. आबा शुद्धीवर होते, हातात सलाईन, गळ्यात नळी, डोळे उघडे. मला वाटलं, वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी आधी कागद पाहिले, मग आम्हाला समजावून सांगितलं. अर्धवट औषधानं दुखणं झाकलं जातं, आतले जंतू मरत नाहीत. मधूनमधून एक गोळी घेतल्यानं आजार आतल्या आत पसरत गेला आणि आता छातीकडे उतरला आहे. दिवाळीतच गोळ्या पुऱ्या करून दाढ काढली असती तर ही वेळ आली नसती. मग त्यांनी आवाज चढवला.

"पाच दिवसांचं औषध होतं ना? मध्येच बंद करायला कुणी सांगितलं?"

मी आबांच्या पायाशी उभी होते. माय उशाशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी बोलणार होते, निदान आज तरी मला तसंच वाटतं.

आबांनी सलाईनचा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं. मी, मी.

"बाबा, एवढं वय झालं, अक्कल नको का?" डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ बोलत राहिले. गळ्यात नळी असलेला माणूस काय बोलणार? आबा मान हलवून सगळं कबूल करत होते.

मी ऐकत उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आबा दोन दिवस होते. ते शुद्धीवर होते, त्यांना ऐकू येत होतं, आणि मी त्यांच्याजवळच बसून होते. नळी त्यांच्या गळ्यात होती, माझ्या नव्हती, तरी मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. माय अजून आहे. गावात कुणी तिला विचारलं तर ती सांगते, त्यांनीच औषध सोडलं, कुणाचं ऐकलं नाही, आणि मी जवळ असले तर हे सांगताना ती माझ्याकडे बघत नाही.