दुपारी एक ते दीड

शिवणयंत्राचं शटल अडकलं की सगळे त्यालाच शोधत यायचे, म्हणून त्याचं नाव पडलं शटलभाऊ. खरं नाव बायकोलासुद्धा एखादा अर्ज भरतानाच आठवायचं. शिंपीकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात, बटणांच्या कपाटाला लागून त्याचं एक टेबल होतं. बावीस वर्षं त्याने तिथे मशिनी खोलल्या, साफ केल्या, जोडल्या आणि गिऱ्हाइकांशी भांडण केलं. "मशीन बिघडलेली नाही हो बाई, वर्षभर तुम्ही तिला उपाशी ठेवलंय!" असं खेकसायचा आणि वर तेलाची बाटली फुकट द्यायचा.

त्याची बायको परिचारिका. इथलं छोटं रुग्णालय बंद पडलं तेव्हा तिला काम मिळालं ते थेट एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," म्हणून गेली, त्याला चार वर्षं झाली. वर्षातून दोनदा यायची. आली की पहिले दोन दिवस पाहुण्यासारखी, चमचे कुठे आहेत तेसुद्धा विचारायची. जरा कुठे घर हाताखाली यायला लागायचं तर निघायची वेळ. ती गेली की हा आठवडाभर चहाचं आधण दोघांचं ठेवायचा आणि दुसरा कपही स्वतःच प्यायचा, रागारागाने. हो, रागाने! तिची आठवण आली की त्याला रागच यायचा. कोणावर, ते विचारू नका. त्यालाही माहीत नव्हतं. ती घरात हवी होती, बस्स.

शेजारच्या खोलीत थोरली बहीण राहायची. जन्मभर शाळेच्या कचेरीत टंकलेखन केलेली, निवृत्त झाली तरी बोटं स्वस्थ बसत नव्हती. एक दिवस ती म्हणाली, "शटल्या, तू दिवसभर जी बडबड करतोस ना, ती मी टाइप करते. निदान कोणाच्या उपयोगी तरी पडेल."

असा त्याचा ब्लॉग सुरू झाला. हा बोलायचा, ताई टाइप करायची आणि मधूनमधून त्याच्या शिव्या गाळायची. 'सुई का तुटते?' या लेखाने कमाल केली. कुठल्या कुठल्या गावांतून लोक वाचायला लागले. मग ताईने एका जाहिरात कंपनीशी जोडून दिलं. लेखाच्या कडेला जाहिराती यायच्या आणि वाचणाऱ्याने जाहिरातीवर बोट दाबलं की याला पैसे मिळायचे. कंपनीचे नियम पंचवीस पानांचे होते. "वाच तरी एकदा," ताई म्हणाली. "मंजूर म्हणून टाक गं, आपण काय चोऱ्या करणार आहोत?" असं म्हणून यानेच बटण दाबलं.

चारेक महिन्यांत बरी रक्कम यायला लागली आणि याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बायकोला फोनवर म्हणाला, "हे बघ, सलग सहा महिने तुझ्या पगाराएवढं आलं, की तू राजीनामा द्यायचा. ठरलं?"

ती म्हणाली, "अहो, खरंच सांगताय? मी लिहून ठेवू का?"

"ठेव लिहून!"

आणि गड्याने दुसऱ्याच दिवशी दुकानातलं टेबल सोडलं. पूर्ण वेळ लिहायचं म्हणे. ताईने डोक्याला हात लावला. "अरे, टेबल ठेव की! अर्धा दिवस बस. ज्या कंपनीचा माणूस आपण कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तिच्या भरवशावर हातातलं काम सोडतोस?" पण हा ऐकतोय कशाला! दुकानदाराने त्या जागी चेनच्या रिळांची मांडणी लावलीसुद्धा.

दुसऱ्या महिन्यात जाहिरातींचा भाव एकाएकी घसरला. का घसरला, हे विचारायला समोर कोणी माणूसच नाही. गिऱ्हाईक असतं तर याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथे भांडायचं कोणाशी? कसाबसा आकडा गाठला. पण तिसऱ्या महिन्यापासून कमाई चढतच गेली. चौथा, पाचवा! याला वाटलं, आपली लेखणी चालायला लागली. कॉलर ताठ. बायको खिडकीकडच्या बाजूला झोपते म्हणून त्याने ती खिडकी दुरुस्त करून घेतली. कपाटाचे दोन खण रिकामे केले आणि त्यांत काही ठेवलं की ताईवर ओरडायला लागला.

सहावा महिना अर्धा झाला आणि कंपनीचं पत्र आलं. ताईने दोनदा वाचलं, चष्मा काढला. "खातं बंद केलंय रे. कायमचं. चालू महिन्याचंही काही देणार नाहीत. म्हणतात, काही माणसं मुद्दाम, रोज, जाहिराती दाबतायत. असं खोटं दाबणं नियमात बसत नाही."

"कोण दाबतंय? कोणाच्या पोटात दुखतंय एवढं? बघतोच एकेकाला!" तो खोलीभर येरझाऱ्या घालायला लागला. दोघांनी मिळून विनंतीचं पत्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. निर्णय अंतिम आहे, जाहिराती आजपासून बंद.

ताई मात्र कागद घेऊन बसली होती. किती वाचक, कुठले, किती वाजता, हे सगळं ब्लॉगच्या मागच्या बाजूला दिसायचं. "हे बघ," ती हळूच म्हणाली, "तिसऱ्या महिन्यापासून रोज दुपारी एक ते दीड. एकाच शहरातून. आठ-दहा फोन."

त्याने शहराचं नाव वाचलं. बायकोचंच शहर. दुपारी एक ते दीड ही तिची जेवणाची सुट्टी. भाव घसरला तेव्हा त्यानेच फोनवर कुरकुर केली होती, "लोक वाचतात गं, पण मेले जाहिरात दाबत नाहीत." तेवढंच तिने ऐकलं होतं. स्वतः दाबायला लागली आणि बरोबरच्या परिचारिकांनाही कामाला लावलं.

"सांगू नकोस तिला," ताई म्हणाली. "मोडून पडेल."

त्याचा राग कुठे गेला कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा ओरडायला कोणी सापडलं नाही. त्याला दिसत होती फक्त ती, रुग्णालयाच्या जिन्यात डबा मांडीवर घेऊन बसलेली, एका हाताने जेवणारी आणि दुसऱ्या हाताने घरी यायची वाट दाबत बसलेली.

त्या दिवशी सव्वा वाजता तिचाच फोन आला.

"अहो, तुमच्या पानावर जाहिराती दिसेनात. माझाच फोन बिघडलाय की काय म्हणून सगळ्यांचे बघितले. कोणाच्याच फोनवर नाहीत."

"नाहीत आता. कंपनीने बंद केल्या."

"का?"

त्याने ताईकडे पाहिलं. ताई समोरून नको-नको म्हणून मान हलवत होती.

"त्यांचं असंच असतं गं. मनात आलं, बंद केलं. तू... तो राजीनामा दिला नाहीस ना?"

"लिहून ठेवलाय. तारीख तेवढी घालायची राहिलीय."

चार वर्षं ज्या तोंडाने 'ये, ये' म्हटलं, त्याच तोंडाने त्याला म्हणावं लागलं, "नको घालूस."

मागे कोणीतरी सिस्टर, सिस्टर अशी हाक मारत होतं. तिने ओ दिली नाही.

"तुम्ही जेवलात?" मग तिने विचारलं.

"जेवलो. उद्या दुकानात जाऊन बघतो, टेबल परत मिळतंय का. येशील तू. मी आणतो तुला, बघच."

"हो," ती म्हणाली. "अहो, पण मग जेवणाच्या सुट्टीत मी आता काय करू? रोज दाबायचे ना, तेव्हा वाटायचं, आज तेवढं जवळ आले."