परस्पर

धाकटी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेण आणि मेणात एकेक दात. अकरा वर्षं ती हेच करत होती. एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवायची. "सत्तरीच्या आजोबांना नवऱ्यामुलाचे दात दिले, तर आजी बावरतील की!" म्हणायची. लॅबच्या मालकांना सगळे काका म्हणत. नवीन माणूस आला की काका आधी धाकटीचं काम दाखवायचे.

तिचं लग्न ठरलं एका सर्व्हेयरशी. नाव ठेवायला जागा नव्हती. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. दर रविवारी चारच्या ठोक्याला दारात हजर. मग दोघं फिरायला जायची, म्हणजे दुकानांत: गाद्या, कपाट, पडद्याचं कापड.

"हा निळा कसा वाटतो?" तो विचारायचा.

ती "हिरवा जरा..." म्हणेपर्यंत तो दुकानदाराकडे वळलेला असायचा. "निळाच द्या. निळा मळत नाही."

निळा खरंच मळत नाही, हीच तर पंचाईत होती.

"सोन्यासारखा मुलगा मिळालाय," आई म्हणायची. थोरली बहीण हसायची, "आमच्याकडच्यांना घरात पडदे आहेत हेसुद्धा ठाऊक नाही!" धाकटीच्या छातीवर कुणी पाय ठेवून उभं असल्यासारखं व्हायचं, पण सांगायला जावं तर सांगण्याजोगं काही सापडेना. पडद्यांवरून कुणी लग्न मोडतं का?

लग्नाला तीन आठवडे उरले असताना काका तिच्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला.

"सोडून चाललीस, ते निदान तू तरी सांगायचंस गं."

"कुठे चालले मी?"

"परवा जावईबापू येऊन गेले ना. ती महिनाअखेरपर्यंतच कामाला येईल म्हणाले. मी नवीन बाई ठरवलीसुद्धा. शब्द दिलाय तिला."

गरम मेण तिच्या बोटावर सांडलं. तिने हात मागेही घेतला नाही.

रविवारी लग्नाच्या कपड्यांची मापं द्यायला दोघं शिंप्याकडे गेली, तेव्हा तिने विचारलं, "काकांना तुम्ही परस्पर का सांगितलंत?"

"परस्पर कसं? तुमच्या घरी जेवताना तुझ्यासमोरच बोललो. लग्नानंतर ती प्लास्टरची धूळ कशाला खायची, म्हटलं. तू काही बोलली नाहीस."

तिला आठवलं. ती वाढत होती. खरंच बोलली नव्हती.

"गप्प बसले म्हणजे हो का?"

"मग काय समजायचं?" त्याने विचारलं, अगदी मनापासून.

"ताई, हात वर करा," शिंपी म्हणाला. तिने केले.

घरी आईने कपाळाला हात लावला. "पत्रिका वाटून झाल्या, आता हे काय खूळ? तो टाकून बोलतो का तुला?"

"नाही."

"मग?"

लग्न मोडायचं धाडस तिला झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये गेली. मालकीणबाईंसमोर खालची कवळी मेणात लावून दाखवली आणि नोकरी पक्की करून आली. कुणाला बोलली नाही. त्याला सांगितलं ते लग्न लागल्यावर सासरी जाताना, गाडीत.

तो काचेबाहेर बघू लागला. "मला विचारायचं तरी," म्हणाला. त्याला तिथल्या तिथे सुनवावं असं तिला वाटलं, पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिने ते राहू दिलं. नऊ दिवस तो कामापुरतंच बोलला.

ती कामावर रुजू झाली. पहिल्याच संध्याकाळी सहाला तो फाटकाशी मोटरसायकल घेऊन उभा. "दोन बस बदलतेस. मी आणत जाईन."

"येईन की मी."

"कशाला दगदग?"

मग तो रोज येऊ लागला. एकदा तापानं फणफणलेला असतानाही आला. लॅबमधल्या बायका खिडकीतून बघून म्हणायच्या, "किती जपतो गं! नशीब काढलंस."

काम कधी साडेपाचलाच उरकतं. निघाली तर चौकापर्यंत एकटीने चालता येईल, हे तिला कळतं. ती पॉलिश झालेली कवळी पुन्हा हातात घेते, पुन्हा घासते. फाटकाशी हेल्मेट दिसलं की अॅप्रन काढून खुंटीला लावते आणि खाली उतरते.