स्टुटगार्टमधली पंगत

चांगुणाबाईंनी अर्धापूरच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं लेकरं जेवू घातली. तोंड मिटून बसणारी, घास गालात धरून झोपी जाणारी, भात नाकातून काढून दाखवणारी, अशी नाना तऱ्हेची लेकरं त्यांच्या हाताखालून गेली आणि एकही उपाशी उठलं नाही, असं त्या स्वतःच सांगत. त्यामुळे लेकीनं, धम्मप्रियानं, जर्मनीतून फोन करून "आई, अश्वजित काहीच खात नाही गं, डॉक्टरांनी वजन कमी सांगितलंय" म्हटलं, तेव्हा बाईंना काळजीपेक्षा हुरूपच जास्त आला. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती आणि हात नुसते बसून होते. "तीन महिन्यांत दोन किलो वाढवून आणते का न्हाई बघा," असं गल्लीभर सांगून त्या विमानात बसल्या.

त्याला आता अडीच महिने होत आले होते आणि अडीच वर्षांचा नातू पाव किलोनंसुद्धा हलला नव्हता. दर सोमवारी बाई बॅगा तोलायचा काटा घेत, जुन्या लुगड्याची झोळी करत आणि जावयाच्या व्यायामाच्या दांडीला पोराला टांगत. पोरगं झोका समजून खदखदा हसायचं. काट्यावर दहा किलो चारशे ग्रॅम. पुढच्या सोमवारी दहा किलो चारशे ग्रॅम. बाईंना वाटे, काटाच बिघडलाय. मग त्या साखरेचा पुडा टांगून बघत. काटा ठणठणीत होता.

खायचं काय, तर कोरडा पास्ता. मीठ नाही, तूप नाही, नुसता उकडलेला, आणि कधी कधी न उकडलेलाही. दुधात कुस्करलेली भाकरी त्यानं भिंतीला लावली. मुगाचं वरण केसांना चोळलं. केळीच्या गावची आजी, तिनं सोलून दिलेलं केळं बघून यानं एकदा ओकारी काढली. त्या दिवशी बाई खरंच रडकुंडीला आल्या.

वरून धम्मप्रियाचे नियम. मागं फिरून भरवायचं नाही. चिऊ-काऊ करायचं नाही. उंच खुर्चीत बसवायचं, ताट समोर ठेवायचं, वीस मिनिटं झाली की उचलायचं. ती स्वतः तोवर बाजूच्या खोलीत लॅपटॉपसमोर, कानाला यंत्र लावून.

"लेकराला जेवायला बसवून राहिली का परीक्षेला?" बाई करवादायच्या.

"आई, प्लीज. मीटिंग चालूय."

बाईंनी आपल्या परीनं निदान केलं होतं. लेकराला दुखणं काही नाही, त्याला पंगत नाही. अंगणवाडीत घरी न जेवणारं पोर दहाजणांच्या रांगेत बसलं की शेजारच्याचं बघून आपोआप तोंड उघडतं, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. आता पंगत कुठून आणायची? तर इमारतीच्या मागं मैदान होतं, वाळूचा हौद होता, आणि चार वाजता सहा-सात लेकरं तिथं यायची. प्रत्येकाची आई बाकावर बसून आपापला डबा उघडायची आणि काकडीचे तुकडे फक्त आपल्याच लेकराला द्यायची. शेजारचं पोर टकमका बघतंय, तरी कुणी कुणाला विचारायचं नाही. बाईंना ते बघवत नसे. कसली माणूसघाणी माणसं, म्हणत त्या घरी येत.

त्या दिवशी त्यांनी मऊ खिचडी केली, वरून दाण्याचं कूट घातलं, डबा पिशवीत टाकला आणि खाली उतरल्या. गवतावर चादर अंथरली, टाळ्या वाजवल्या. "बसा, बसा, बसा!" भाषेचं काही अडलं नाही. चार लेकरं रांगेत मांडी घालून बसली. चौथा अश्वजित, आपणहून! बाईंच्या अंगात अर्धापूर संचारलं. पहिल्या पोरानं घास गिळला आणि पुन्हा आ केला. रांगेच्या टोकाला अश्वजितनंही तोंड उघडलं, आपली पाळी येईल म्हणून.

बाईंनी दुसऱ्या घासाचा चमचा शेजारच्या पोरीच्या ओठाशी नेला आणि बाकावरची उंच बाई, त्या पोरीची आई, ओरडत धावली. तिनं चमचा उडवला. पोरीच्या तोंडात बोट घालून पुन्हा पुन्हा तपासलं. बाकीच्या आयांनी आपापली लेकरं उचलली. ओरडा ऐकून धम्मप्रिया घरातल्या चपलांवर धावत खाली आली आणि कितीतरी वेळ मान खाली घालून माफी मागत राहिली.

"त्या पोरीला शेंगदाणा चालत नाही, आई. श्वास बंद होतो तिचा. मागच्या वर्षी दवाखान्यात नेलं होतं."

"शेंगदाण्यानं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग हातातल्या डब्यातल्या कुटाकडे त्यांचं लक्ष गेलं. घास पोटात गेला असता तर? चूक आपली होती, यात त्यांना शंका नव्हती. तरी लिफ्टमधून वर येईपर्यंत दुसरंच मनाला टोचत होतं.

"त्यानं आ केला व्हता, धम्मा," दार लागताच त्या बोलल्या. "अडीच महिन्यांत पहिल्यांदा."

"त्याचं काय घेऊन बसलीस? अगं, जीव गेला असता त्या पोरीचा!"

"ती मही चूक हाय. लई मोठी चूक. पण तूबी लेकराला एकटं खुर्चीत डांबतीस अन् तिकडं जाऊन बसतीस. एकटं कोण जेवंल?"

"मी जेवायचे."

बाईंनी डब्याची पिशवी खाली ठेवली.

"मी जेवायचे ना, एकटी. शाळेतून येऊन कुलूप उघडायचे अन् टोपल्यातली गार भाकरी खायचे. तू गावची चाळीस लेकरं जेवू घालून, वजनं लिहून चारला यायचीस. एकदा मी दारात येऊन उभी ऱ्हायले, तर हाकललंस मला. सेविकेची पोर सरकारी खिचडी खाती म्हणतील लोक, म्हणालीस."

हे बाईंना आठवत होतं. चांगलंच आठवत होतं, कारण नव्या सेविकांना आपला प्रामाणिकपणा सांगताना त्या हीच गोष्ट सांगत. दारात उभी राहिलेली पोर तेव्हा उपाशी होती का, हे मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं, तर सांगणार काय?

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. वाफाळती भाकरी, वर लोणी, बाजूला पातळ पिठलं, असं ताट घेऊन त्या बाहेर आल्या आणि फरशीवरच बसल्या.

"ये. बस हितं."

"आई, माझी साडेपाचची मीटिंग..."

"बस म्हणते ना!"

धम्मप्रिया बसली. बाईंनी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि चौतीस वर्षांच्या लेकीच्या तोंडात घातला. तिनं खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला तिचे डोळे भरून आले, तर बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि चौथा मोडला. आतल्या खोलीत लॅपटॉप टिंगटिंग वाजत राहिला.

तेवढ्यात टेबलाखालून अश्वजित रांगत आला. दोघींच्या मध्ये उभा राहिला, आजीच्या हातातल्या घासाकडे बघितलं आणि मोठ्ठा आ केला.

"थांब रे जरा," चांगुणाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "आधी मह्या लेकराचं होऊ दे."